एका शीडीत मावलेली ग्रामसभा

आई गिरणीत दळण ठेवून कधी घरी आली नाही. ज्वारीचा डबा घेऊन ती गिरणीच्या तोंडाशी उभी राहायची. आधीच्या बाईचं पीठ पुरतं झाडून घेतल्याशिवाय आपला दाणा वर पडू द्यायची नाही. "लोकांची हलकी मिलो ज्वारी आपल्या शाळूत येती आन् भाकरी थापताना चिरती," हे तिचं ठरलेलं वाक्य. दुधाचा थेंब ती नखावर घेऊन बघायची, तेही गवळ्यासमोर, त्याच्या तोंडाकडं बघत. अण्णा, म्हणजे माझे वडील, इंदापूर डेपोला कंडक्टर. त्यांचा स्वभाव अगदी उलटा. दिवसभर गर्दीशी डोकं लावून आलेला माणूस घरी आल्यावर कुणावरही विश्वास ठेवायला तयार असायचा, फक्त त्याला गरम माडगं मिळालं पाहिजे. हुलग्याचं माडगं आणि शेंगांची चटणी समोर आली की ते म्हणायचे, "अगं, सगळं जग चोर असतं तर एसटी चालली असती का?" आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "एसटी चालती व्हय? मला वाटलं ढकलत्यात."

या घरात मी वाढले. लोक मला विचारतात, तुझा स्वभाव इतका तिखट कसा, समोरचा बोलायला लागला की तुझ्या कपाळाला आठी कशी पडते? मी सांगते, गिरणीत उभी राहून वाढलेय.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, बारामतीच्या रस्त्याला लागून. हंगामात रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर जायचे, प्रत्येकाच्या टपावर स्पीकर आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर गेला की आमच्या पत्र्याच्या छतावरून गाण्यांचे तुकडे एकमेकांत मिसळून जायचे. लांबून कारखान्याचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची. आणि हायस्कूलकडं जाणाऱ्या फाट्यावर, बरोबर वळणावर, सर्जेरावचं देशी दारूचं दुकान. लायसनचं, कायदेशीर, सरकारमान्य. हे तीन शब्द सर्जेराव इतक्या अभिमानानं म्हणायचा, की जणू सरकारनं त्याच्या छातीवर बिल्लाच लावलाय. त्या वळणावर बसलेले लोक जाणाऱ्या पोरींना काय बोलायचे ते मी इथं लिहिणार नाही. पत्रकात लिहिलं होतं, तेव्हा पत्रकच अश्लील ठरवलं लोकांनी. बोलणारे सुटले आणि लिहिणारी अडकली. माझ्या वर्गातल्या कित्येक पोरींची शाळा त्या वळणानं सुटली. घरचे म्हणाले, "कशाला रोजची कटकट?" पोरगी घरी बसली, दुकान तिथंच राहिलं. हा न्याय.

मी तेव्हा इंदापूरला कॉलेजात होते. तिथं एका संघटनेच्या बाईंनी मला पत्रक लिहायला शिकवलं. त्यांचा नियम होता: एका पत्रकात एक मागणी, आणि खाली स्वतःचं नाव. नाव न घालता लिहिलेलं पत्रक त्यांनी माझ्या देखत चुलीत घातलं होतं. आजही मी तसंच लिहिते, आणि आज केस पांढरे व्हायला लागले तरी लोक मला 'पत्रकवाली पोरगी'च म्हणतात.

तर आम्ही मागणी केली: दुकान बंद करा. त्याची रीत अशी होती की गावातल्या बायकांची खास ग्रामसभा घ्यायची, बायकांनी हात वर करून ठराव करायचा, मग सरकार गुप्त मतदान लावणार. सभेचं शूटिंगही हवं होतं. शूटिंगवाला सरपंचांनी पाठवला. सरपंचांना सगळे आबा म्हणायचे. आबांनी बारामतीचा संजू आणला, पंचक्रोशीतली सगळी लग्नं आणि आबांचे सगळे वाढदिवस ज्याच्या कॅमेऱ्यात होते तोच. मी लगेच आईला म्हटलं, "आबांचा माणूस आहे." आई म्हणाली, "आबांचा न्हाय. सर्जेरावच्या साडूचा भाचा हाय." आमच्याकडं माणूस कुणाचा आहे हे शोधायला वेळ लागत नाही. अडचण एवढीच, की शोधलं तर प्रत्येकजण प्रत्येकाचा निघतो.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. बाया आल्या, खुरपणी टाकून, लेकरं काखेत घेऊन आल्या. मंडप कमी पडला तशा मागं पाण्याच्या टाकीपर्यंत उन्हात बसल्या, डोक्यावर पदर ओढून. आणि स्टेजवर सत्कार सुरू झाले. आबांचा सत्कार, उपसरपंचांचा सत्कार, आलेल्या पाहुण्यांचा, न आलेल्या पाहुण्यांच्या वतीनं आलेल्यांचा. टॉवेल, टोपी, नारळ. सभा दारूबंदीची, बोलतंय कोण तर सगळे बाप्ये. मी पुढं पत्रकं वाटत होते आणि माझं रक्त उकळत होतं. शेवटी एकदाचा ठराव वाचला आणि हात वर झाले. संजूनं कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, हे मी स्वतः बघितलं.

दोन दिवसांत सर्जेरावचा अर्ज तालुक्याला पोचला: सभेतल्या निम्म्या बाया बाहेरगावच्या, भाड्यानं आणलेल्या. साहेबांनी शूटिंग मागवलं, चेहरे बघायला. कारकून मला म्हणाला, "एकच शीडी द्या. तुकडे नकोत. मधलं काही कापलेलं नको." मी विचारलं, एकच का? तर म्हणाला, "एका अर्जाला एकच जोडतो मॅडम. दोन जोडल्या की एक हरवते." हे त्यानं इतक्या सरळ तोंडानं सांगितलं की मला खरं मानावं की खोटं, कळेना. सभा तीन तासांच्या पुढं चाललेली, आणि कोरी शीडी चांगल्या चित्राला दोन तास घेते. (डीव्हीडी म्हणायचं खरं, पण गावात सगळ्या चकत्या शीडीच.) मला तेव्हाच वास आला. ज्यात मावत नाही त्यात बसवा म्हणायचं, म्हणजे काहीतरी सांडणारच. कुणाचं सांडणार, हे आधीच ठरलेलं असतं.

संजूची शीडी आली ती आम्ही घरी लावली. शेजारच्या बाया जमल्या, आईनं कोऱ्या चहाचं पातेलं चढवलं. सभा पहिल्यापासून शेवटपर्यंत होती, एक क्षण कापलेला नव्हता. आबा असे दिसत होते की मिशीतला केस न् केस मोजून घ्यावा. टॉवेलच्या किनारीची नक्षी दिसत होती. आणि मग कॅमेरा बायांकडं वळला, आणि बाया फुटल्या. दुसरा शब्द नाही. नुसते चौकोन, हिरवे, पिवळे, लुगड्याच्या रंगाचे. चौकोनांतून काठीसारखे हात वर आलेले. तोंड कुणालाच नाही.

"ही मी का?" आईनं टीव्हीजवळ जाऊन एका चौकोनावर बोट ठेवलं.

"न्हाय गं, ती मी," शेजारची म्हणाली. "तू ती, त्या खांबाजवळची."

"खांबच हाय त्यो."

बाया हसल्या. मग हसायच्या थांबल्या, कारण सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. या शीडीत इथल्या इथं आम्हालाच आम्ही ओळखू येईना, तर तालुक्याचा साहेब काय ओळखणार? सर्जेराव म्हणणार, बघा, कोण आहेत या? आणि आम्ही काय म्हणणार? अण्णा हळूच म्हणाले, "मशीनचा दोष असंल." आई त्यांच्याकडं वळलीसुद्धा नाही. "मशीनला आबा बरा दिसतो," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं की शूटिंगनंतर संजू सर्जेरावच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. मला एवढं पुरे होतं. मी रात्रीत पत्रक लिहून काढलं, 'विकलेला कॅमेरा' अशा मथळ्याचं. आईनं ते घडी करून डब्याखाली ठेवलं आणि म्हणाली, "आधी गिरणीत जाऊन उभं राहू. मग बोंब मार."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बारामतीला गेलो. संजूचा स्टुडिओ स्टँडमागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. भिंतीवर नवरा-नवरींचे फोटो. कुठं नवरी कमळात बसलेली, कुठं दोघं बर्फाच्या डोंगरापुढं उभे, दोघांच्याही अंगावर घामानं चिकटलेले कपडे. संजू तिशीचा, तोंडात बडीशेप. आईला बघून उठला.

"या मावशी. बसा. पोरीचं लग्न काढलं का?"

"आमाला फोडलंस का?" आई उभ्यानंच म्हणाली.

"काय फोडलं?"

"आबा चकचकीत आन् बाया पीठ. कुणी सांगितलं तुला? सर्जेरावनं?"

संजूचा चेहरा खरंच पडला, की पडल्यासारखा त्यानं केला, मला आजही सांगता येणार नाही. तो म्हणाला, "मावशी, शीडी म्हंजी वडापची जीप हाय. कितीबी माणसं बसवा, बसत्यात. पण चेपून. तीन तासाचं शूटिंग, गाडी एकच. मग मी काय करतो, स्टेजला जागा ऐसपैस देतो आन् बाकीच्यांना मागं चेपतो. समद्या लग्नांत असंच करतो मी. जेवणाची पंगत चेपली तर कोण बोलत न्हाय. सत्काराची टोपी जरा फुटली की मला शिव्या."

"म्हणजे कुणाला जागा द्यायची हे तू ठरवतोस?" मी विचारलं.

"मग कोण ठरवणार? कॉम्प्युटरला काय कळतंय आबा कोण आन् पंगत कोण."

मला भयंकर राग आला, आणि तो राग नेमका कुणावर काढावा ते सापडेना, त्यामुळं जास्तच आला. इतके दिवस मी शोधत होते की याला कुणी विकत घेतलंय. नंतर इतक्या वर्षांत मी हेच बघत आले की बहुतेक वेळा विकत घ्यायची वेळच येत नाही. कॅमेरा धरणाऱ्याचा हात आपोआप स्टेजकडं जातो, कुणी न सांगता. तरी सर्जेरावच्या ओट्यावरचा तो चहा माझ्या मनातून गेलेला नाही. मी संजूला सरळ विचारलंही. तो म्हणाला, "ऊन व्हतं. त्यानं हाक मारली. चहाला न्हाय म्हणू?"

आई तोवर मॉनिटरसमोर जाऊन बसली होती. "मूळचं दाव," ती म्हणाली. "न चेपलेलं." संजूनं टेपवरचं शूटिंग लावलं. बाया दिसल्या, एकेक स्वच्छ. आईनं स्वतःला बघितलं, पदर सारखा केला, समोरच्या काचेतला नाही, अंगावरचा. कॅमेरा मागं मागं सरकत टाकीपाशी गेला, आणि आईनं एकदम संजूच्या मनगटावर हात ठेवला. "थांबीव."

टाकीच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. पदर कपाळाखाली ओढलेला, पण हात वर करताना तो मागं सरला होता. मी पुढं वाकून बघितलं. भागूआजी. सर्जेरावची आई. आणि तिचा एक हात वर नव्हता, दोन्ही हात वर होते, देवळातल्या कमानीसारखे.

मी ओरडलेच असते. हे बघायला मिळालं की सर्जेरावचा अर्ज तिथंच संपला. पण आई म्हणाली, "गप. ती त्याच्याच घरात खाती-निजती. तिला इचारल्याशिवाय तिचं तोंड कुणाला दावायचं न्हाय." मग संजूला विचारलं, "हे कुणी बघितलंय?"

"मी बी आत्ताच बघतोय मावशी," संजू म्हणाला. आईनं त्याच्याकडं असं बघितलं जसं ती नखावरच्या दुधाकडं बघायची.

भागूआजी आम्हाला संध्याकाळी ओढ्याकडच्या बांधावर सापडली, शेळीसाठी पाला तोडत. आई तिच्या शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. आजी पाला तोडायची थांबली नाही.

"टाकीमागच्या फाटकातून आलती मी," ती म्हणाली. "आमच्या आळीतल्या बायांनी मला मधी घेतली. कुण्या एकीनं तोंड उघडलं न्हाय, एवढं बरं केलं."

"आजी, पण दोन हात का वर केले?" मी विचारलं.

"एक माजा, एक सुनेचा. सुनंदाला घरातून सोडली न्हाय त्यानं. तिचा हात कोण वर करणार?"

आईनं खाली पडलेल्या दोन डहाळ्या भाऱ्यावर ठेवल्या. मग म्हणाली, "मावशी, साहेबाला दावू का? तुमचा सर्जेराव तितंच उभा असंल. घरी तरास झाला तर?"

भागूआजीनं पाल्याचा भारा आवळला. "मी काय चोरून केलाय व्हय हात वर? चोरून आलती. हात उघड्यावर केला. दाव." आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "पण ह्या पोरीला माझ्यावर पत्रक काढू देऊ नगं. ती लई ओरडून लिवती."

मी पत्रक काढलं नाही. जड गेलं, पण नाही काढलं.

पुन्हा बारामती. आईनं संजूला सांगितलं, "पुढच्या शिटावर बायांना बसीव. आबाला मागं चेप."

संजूनं हातच जोडले. "मावशी, आबांच्या वाढदिवसाचं काम माझ्याकडं हाय. त्यांचं तोंड फुटलं तर मला गावात पाय ठेवू देणार न्हाईत."

"त्याचा आवाज येतोय ना? मग तोंड कशाला एवढं पाहिजे? पंधरा वर्षं बघतोय आमी त्याचं तोंड. साहेबाला ते ओळखायचं न्हाय. आमाला ओळखायचंय."

"कापलेलं नको म्हणालेत," मी म्हटलं. "एक शब्द कापू नकोस. सगळे सत्कार राहू देत. फक्त चेप."

संजू बराच वेळ बडीशेप चावत राहिला. मग खुर्ची ओढून बसला. सत्कारांना त्यानं कमीतली कमी जागा दिली, भाषणांना तशीच, आणि उरलेली सगळी हात वर होण्याच्या त्या भागाला. शीडी राईट व्हायला लावली आणि म्हणाला, "आता येळ लागंल. स्टँडवर चहा पिऊन या." आई म्हणाली, "आमी हितंच बसतो." मशीनच्या फटीतला बारीक दिवा लुकलुकत होता आणि आई त्याच्याकडं टक लावून बसली होती. शीडी बाहेर आली ती अजून गरम होती. तिनं ती पदरात गुंडाळली, कागदी पाकीट देऊ केलं ते घेतलं नाही.

तालुक्याच्या ऑफिसात साहेबांनी कॉम्प्युटर लावला. एका बाजूला आम्ही चार-पाच बाया, दुसऱ्या बाजूला सर्जेराव आणि आबा, मधे ग्रामसेवक, मतदारयादी हातात घेऊन घामेजलेले. चित्र सुरू झालं आणि आबांचं तोंड फुटलं. मिशीचे चौकोन, टोपीचा चौकोन, चौकोनांतून आवाज मात्र खणखणीत: "या ठिकाणी मी सर्वांचं स्वागत करतो." साहेब म्हणाले, "शीडी खराब आहे का?" आबा म्हणाले, "ह्यात घोटाळा हाय साहेब." मी म्हटलं, "कापलेलं काहीच नाही. वेळ जुळवून बघा." साहेबांनी पुढं ढकललं, आणि बाया आल्या.

सगळं ऑफिस जरा पुढं वाकलं. साहेब एकेका चेहऱ्यावर थांबायचे, आई नाव सांगायची, ग्रामसेवक यादीत बघून मान हलवायचे. सर्जेराव मधे मधे म्हणत होता, "ही न्हाय गावची," आणि ग्रामसेवक हळू आवाजात म्हणत होते, "आहे हो, यादीत आहे." तरी त्याचा आवाज चढत होता. "मागच्या बघा साहेब, टाकीजवळच्या. त्या सगळ्या बाहेरच्या. मी सांगतो ना, एकीला बी मी ओळखत न्हाय."

साहेबांनी मागच्या बाया आणल्या. टाकी आली. सावली आली. आईनं नाव सांगितलं नाही. साहेब वाट बघत थांबले. "या आजीबाई कोण?" त्यांनी सर्जेरावला विचारलं. "यांनाही ओळखत नाही का?"

मी सर्जेरावकडं बघत होते. सगळ्या आयुष्यात मी माणसाच्या तोंडावर इतक्या गोष्टी एकामागं एक जाताना बघितल्या नाहीत. आधी त्यानं मॉनिटरकडं बघितलं, मग माझ्या आईकडं, मग दाराकडं. आणि मग त्याच्यातला वाद घालणारा माणूस जागा झाला. घसा खाकरून तो म्हणाला, "साहेब, म्हातारीनं दोन हात वर केल्यात. नियमानं एकच धरायचा."

"म्हणजे गावातल्याच आहेत?"

"आमची आईच हाय ती. पण हात एकच मोजायचा. दुसरा मोजायचा न्हाय."

आबांनी डोळे मिटून घेतले.

"मोजा साहेब," आई म्हणाली. "एकच मोजा."

साहेबांनी मतदान लावलं. दुकान गेलं. वळणावर आता पंक्चरचं दुकान आहे, आणि तिथंही बाप्ये बसतातच, त्यामुळं माझं पत्रकांचं काम काही संपलेलं नाही. भागूआजीशी सर्जेराव किती दिवस बोलला नाही ते तिनं कधी सांगितलं नाही. पण मतदानाच्या दिवशी सुनंदावहिनी स्वतःच्या पायानं शाळेत आली. रांगेत सून पुढं आणि सासू मागं. बाया म्हातारीला विचारत होत्या, कसं सोडलं गं तिला, काय म्हणाला त्यो? भागूआजी प्रत्येकीला सुनेकडं बोट दाखवत होती.

"मला काय इचारताय?" ती म्हणत होती. "ती उभी हाय ना हितं. तिला इचारा."